सिडनीत मुक्काम कुठे करावा? बंदरासमोर, पॅरामॅटाला की मॅन्लीला?

सोनटक्का

मेअखेरीस सिडनीला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, पाचवीतली लेक आणि साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा). शाळा जूनच्या मध्यावर उघडते, त्यामुळे दुसरी वेळच नाही. आठवडाभर फक्त सिडनीच बघायचं आहे, मेलबर्न आणि गोल्ड कोस्टची धावपळ नको.

साबांचा गुडघा दुखतो. सपाट रस्त्यावर तासभर आरामात चालतात, पण जिने आणि चढ नकोत. साबुंना सकाळी सहाला चहा आणि रात्री वरण-भात हवा. लेकीला फक्त बोटी हव्यात.

समोर तीन पर्याय आहेत. सर्क्युलर की या मुख्य फेरीधक्क्याजवळ हॉटेल, म्हणजे खिडकीतून ऑपेरा हाऊस दिसेल, पण दोन खोल्या घ्याव्या लागतील आणि भाडं ऐकून घाम फुटतो. शहरापासून लांब पॅरामॅटाला बरंच स्वस्त, दोन बेडरूमचं, स्वैपाकघर असलेलं अपार्टमेंट. नाहीतर मॅन्लीला समुद्रकिनाऱ्यावर.

एवढं लांब जाऊन ते बंदर रोज डोळ्यांसमोर नसेल तर हळहळ वाटेल असं माझं मत. नवरा म्हणतो, खोलीत आपण झोपायलाच येणार. तिकडे राहणाऱ्यांनी आणि जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

निळाई

सिडनीत बरीच वर्षं राहते आहे, भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते. हॉटेल शोधताना चित्रं नंतर बघा. आधी नकाशावर स्टेशन किंवा फेरीचा धक्का शोधा आणि तिथून दारापर्यंतचा रस्ता चढाचा आहे का ते बघा. साबांच्या गुडघ्यासाठी हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

'सर्क्युलर कीजवळ' असं लिहिलेली कितीतरी हॉटेलं प्रत्यक्षात शेजारच्या द रॉक्स या जुन्या वस्तीत वरच्या अंगाला असतात. जॉर्ज स्ट्रीटवरून चालणं सोपं आहे, पण कंबरलंड स्ट्रीट किंवा ग्लॉस्टर स्ट्रीटला जायचं तर दगडी पायऱ्या तरी चढा नाहीतर वळसा घेऊन चढण तरी. नकाशावर ते अंतर पाच मिनिटांचं दिसतं.

आणि खिडकीचं म्हणाल तर बंदराचं सगळ्यात सुंदर दृश्य तिकिटाच्या पैशांत मिळतं. सर्क्युलर की स्टेशनचा फलाट उंचावर आहे. गाडीतून उतरलं की समोर फेरीचे धक्के, डावीकडे हार्बर ब्रिज आणि उजवीकडे ऑपेरा हाऊस. अजूनही कधी कधी एखादी गाडी मुद्दाम सोडून मी तिथे उभी राहते.

वरणभात

माझं मत सरळ पॅरामॅटाला. शेजारचंच स्टेशन हॅरिस पार्क, तिथल्या विग्रम स्ट्रीटवर डोशापासून चाटपर्यंत सगळं मिळतं. वाणसामान, कढीपत्ता, ताजी मेथी सुद्धा. साबुंचा वरण-भाताचा प्रश्न तिथे निकालात.

शहरात जायला जलद गाडी अर्ध्या तासाच्या आसपास घेते. ब्लू माउंटन्सच्या डोंगरात जाणार असाल तर तिथल्या कटुंबा गावाची गाडी पॅरामॅटाला थांबते, म्हणजे शहरातून निघणाऱ्यांपेक्षा तुमचा प्रवास तेवढा कमी. आणि पॅरामॅटा नदीतून थेट सर्क्युलर कीपर्यंत फेरी आहे. लेक खूश.

कैरीपन्हं

साबुंचा सकाळी सहाचा चहा म्हणजे भारतातले रात्रीचे दीड! पहिले काही दिवस तरी साडेदहाला उठतील आणि म्हणतील, सहाच वाजलेत. मुक्काम कुठेही करा, चहाची चिंता सोडा.

निळाई

@वरणभात, खाण्याबाबत पूर्ण सहमत. मीही सामान तिकडूनच भरते. पण पाहुण्यांनी राहायला पॅरामॅटा घ्यावं का, याबद्दल माझं मत वेगळं आहे.

त्या नदीच्या फेरीला दीड तासाच्या आसपास लागतो. एकदा जरूर करा, फार छान प्रवास आहे, पण रोजच्या जाण्यायेण्याला ती उपयोगाची नाही. शिवाय ओहोटीच्या वेळी काही फेऱ्या रायडलमियरलाच संपतात आणि पुढे बसने जावं लागतं. गाडीचं म्हणाल तर शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस असते.

मुख्य मुद्दा दुपारचा आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असली की दुपारी दोन तास पाठ टेकायला मिळाली पाहिजे. मुक्काम शहरात असेल तर सकाळी फिरून, जेवून, झोप काढून पाचला परत बाहेर पडता येतं. पॅरामॅटाहून एकदा निघालात की रात्रीच घरी. आणि मेअखेर म्हणजे व्हिविड हा दिव्यांचा उत्सव. संध्याकाळी सहापासून अकरापर्यंत ऑपेरा हाऊसच्या पाकळ्यांवर आणि आजूबाजूच्या इमारतींवर दिव्यांचे खेळ असतात, बघायला पैसे पडत नाहीत. तेव्हा पाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे लेकीला जागवायचाही प्रश्न नाही. पण त्या गर्दीतून परत अर्धा-पाऊण तास गाडीत उभं राहायचं म्हणजे साबांची परीक्षा.

वरणभात

व्हिविडचा मुद्दा मान्य. पण त्याच व्हिविडमुळे शहरातल्या हॉटेलांचे दर चढतात हेही सांगा की.

निळाई

हो, चढतात, शुक्रवार-शनिवारी तर फारच. त्यात जूनच्या दुसऱ्या सोमवारी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, तो आठवडाअखेर टाळता आला तर बघा.

पायवाट

मी एकटा गेलो होतो, त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला पूर्ण लागू होणार नाही. द रॉक्समध्ये एक युथ हॉस्टेल आहे. जागेवर उत्खनन झालं तेव्हा जुन्या वस्तीचे पाये, विहिरी, गल्ल्या निघाल्या. ते सगळं तसंच ठेवून वर खांबांवर हॉस्टेल बांधलंय. म्हणजे नाश्त्याला जाता-येता खाली 1788 नंतरच्या पहिल्या पिढ्यांच्या घरांचे अवशेष दिसतात. गच्चीवरून ऑपेरा हाऊस समोर. तिथे स्वतंत्र खोल्याही मिळतात. बंदरासमोरचं दृश्य हवं आणि पैसे कमी, तर याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पण ते निळाईंनी सांगितलेल्या कंबरलंड स्ट्रीटवरच आहे. साबांसाठी नाही.

दर्यावर्दी

बोटीवर नोकरी झाली, सिडनी बंदरात अनेकदा आलो आहे, म्हणून थोडं बंदराबद्दल लिहितो. मुक्कामाचं उत्तर त्यातच आहे.

सिडनीचं बंदर म्हणजे समुद्राने बुडवलेलं नदीचं खोरं. आपल्या कोकणातल्या जयगड-दाभोळच्या खाड्याही अशाच तयार झाल्या. अशा बंदरात किनारा सरळ नसतो. जमिनीची बोटं पाण्यात घुसलेली आणि पाण्याची बोटं जमिनीत. त्यामुळे समोर दिसणाऱ्या जागेला रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, पाण्यातून गेलं तर सरळ. टरॉंगा प्राणिसंग्रहालय सर्क्युलर कीहून बोटीने बारा मिनिटांवर आहे. मॅन्लीच्या रस्त्यावर स्पिट ब्रिज लागतो, तो शिडाच्या उंच बोटींसाठी ठरलेल्या वेळी उघडतो आणि सगळी वाहनं थांबून राहतात. 1932 मध्ये हार्बर ब्रिज झाला, तोपर्यंत उत्तर किनाऱ्यावरची माणसं कामाला फेरीनेच यायची.

म्हणून मी म्हणेन, मुक्काम धक्क्याजवळ करा. रोजच्या फेरीचा प्रवास हेच तिथलं सर्वात मोठं दर्शन आहे. वेगळी महागडी क्रूझ घ्यायची गरज नाही.

आणि खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यासाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांना एक सूचना. सर्क्युलर कीच्या पश्चिम बाजूला प्रवासी जहाजांचा धक्का आहे. पुलाखालून जाऊ न शकणारी मोठमोठी जहाजं तिथेच लागतात. जहाज लागलं की द रॉक्सच्या खालच्या मजल्यांवरच्या खोल्यांतून दिवसभर ऑपेरा हाऊसऐवजी जहाजाच्या बाल्कन्या दिसतात. जहाजांचं वेळापत्रक आधी जाहीर असतं, ते बघून मग खोली घ्या.

कैरीपन्हं

काका, तुम्ही वेगळा धागाच काढा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

अंजिरी

मॅन्लीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आम्ही आई-बाबांना घेऊन मॅन्लीला राहिलो होतो आणि आजही ते तीच आठवण काढतात.

धक्क्यावर उतरलं की समोर कोर्सो. हा फक्त चालण्याचा रस्ता, अगदी सपाट, दहा मिनिटांत या टोकाच्या बंदरातून त्या टोकाच्या खुल्या समुद्रावर पोचतो. तिथून शेली बीचपर्यंत पाण्याच्या कडेने बांधलेली पायवाट आहे, तीही सपाट. आईला रोज दोन वेळा फिरता यायचं, ते शहरात कधीच जमलं नसतं. सकाळी लोक थंडीतही पोहायला येतात. आईला त्याचं फार कौतुक. आणि व्हिविडच्या दिवसांत रात्री मॅन्लीला परतणारी फेरी घेतली की सगळी रोषणाई पाण्यावरून दिसते, धक्काबुक्की न करता.

थोडा जास्त खर्च चालत असेल तर नॉर्थ हेडवरच्या जुन्या क्वारंटाइन स्टेशनातही राहता येतं. साथीच्या आजाराच्या संशयावरून जहाजावरच्या प्रवाशांना तिथे ठेवायचे, 1984 पर्यंत ते सुरू होतं. आता तिथे हॉटेल आहे. पण ते चढउताराचं आहे, म्हणून तुम्हाला सुचवत नाही.

दर्यावर्दी

@अंजिरी, मॅन्ली उत्तमच, पण जूनमधल्या उधाणाचा विचार करा. मॅन्लीची फेरी नॉर्थ हेड आणि साउथ हेड यांच्यामधल्या बंदराच्या तोंडासमोरून जाते. तिथे थेट महासागराच्या लाटा आत येतात. बोट चांगलीच डोलते. लेकीला मजा वाटेल, पण बोट लागत असेल त्यांचे हाल. लाटा फार मोठ्या असल्या की फेऱ्या रद्द होतात आणि बसने फिरून जावं लागतं. एक दिवस सहलीला जा, हवामान बघून. आठवडाभर त्या फेरीवर अवलंबून राहायचं तर आधी घरातल्यांना विचारा.

अंजिरी

बाबांना बोट लागत नाही, म्हणून आमचं जमलं. हा प्रश्न सोनटक्कांनी नक्की विचारावा.

जाईजुई

आम्हीही पाचजण होतो, त्यात सासूबाई. आम्ही शहरातच डार्लिंग हार्बरजवळ दोन बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं होतं. हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा ते स्वस्त पडलं. स्वैपाकघर आणि कपडे धुण्याचं यंत्र आतच. डाळ, तांदूळ, दही, तयार रोट्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटात मिळतात, त्यामुळे वरण-भातासाठी मुद्दाम हॅरिस पार्कला राहायची गरज पडली नाही.

मात्र फोडणी जपून करा! तिथल्या इमारतींत धुराची घंटा फार हळवी असते. आमच्या शेजारच्या मजल्यावर कुणीतरी मिरची तळली आणि सगळी इमारत खाली उतरली, लाल गाड्या हजर. अशा खोट्या इशाऱ्यासाठी अग्निशमन दल हजार डॉलरच्या वर आकारतं आणि इमारतवाले ते पाहुण्यांकडून वसूल करतात. आमच्या करारपत्रातच तसं लिहिलं होतं. शेगडीवरचा पंखा चालू ठेवा आणि जिन्याकडचं दार बंद ठेवा. दार उघडून धूर बाहेर घालवायला गेलात की मधल्या पॅसेजमधली घंटा वाजते.

वरणभात

फोडणीशिवाय वरण? सासूबाई काय म्हणाल्या?

जाईजुई

वरणावर साजूक तूप आणि लिंबू. कुणी काही म्हणालं नाही. :)

केवडा_

अवांतर होतंय, पण खाण्यावरून आठवलं. घरून नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानात मिळणाऱ्या कार्डावर लिहा. लाडू, मसाले, लोणचं, सुपारी, काहीही. दुधाचे पदार्थ, बिया, ताजी फळं यांवर फार कडक नजर असते. लिहिलं तर फार तर काढून घेतात. लपवलं तर दंड जबर आहे. आमच्या पुढच्या रांगेतल्या आजींनी सगळं लिहिलं होतं, अधिकाऱ्याने डबे उघडून बघितले आणि हसून सोडलं.

तिरंदाज

आता पैशांचं. राहायची जागा निवडताना लोक प्रवासखर्च धरत नाहीत.

विमानतळाच्या दोन्ही स्टेशनांवर भाड्याशिवाय वेगळा प्रवेशकर लागतो, मोठ्या माणसाला पंधरा डॉलरच्या वर. पाचजणांचा हिशेब केला तर शहरात राहणाऱ्यांना टॅक्सीच परवडते. पण साध्या टॅक्सीत चारच बसतात, तुम्हाला मॅक्सी टॅक्सी सांगावी लागेल. सामान कमी असेल तर 420 नंबरची बस विमानतळाहून मॅस्कॉटला जाते. तिथून गाडी पकडली की तो कर लागत नाही. साबा-साबु आणि बॅगा घेऊन हे करू नका, परत एकटे कुठे जायचं असेल तर उपयोगी.

रोजच्या प्रवासाला ओपल हे तिथलं प्रवासाचं कार्ड किंवा आपलं नेहमीचं टॅप करायचं कार्ड चालतं. एका कार्डावर एकच माणूस, प्रत्येकाला वेगळं कार्ड हवं. लेकीला मात्र मुलांचं ओपल घ्या, बँकेच्या कार्डावर तिचं पूर्ण भाडं कापलं जाईल. दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर पैसे घेत नाहीत आणि शुक्रवार ते रविवार ती मर्यादा जवळपास निम्मी असते. गाडी, बस, ट्राम, सरकारी फेरी सगळं त्यात आलं. म्हणून लांबच्या फेऱ्या आणि ब्लू माउंटन्स शुक्रवार-शनिवारी ठेवा.

आणखी एक. विमानतळ रात्री अकरा ते सकाळी सहा बंद असतो, त्यामुळे सहा वाजल्यापासून एकामागून एक विमानं उतरतात. सकाळी सातला बाहेर आलात तर खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळणार नाही. बॅगा ठेवून घेतील का आणि वयस्कर मंडळींना बसायला जागा आहे का, हे बुकिंग करण्याआधी विचारा. अपार्टमेंटला कधी कधी खाली कोणीच नसतं, फक्त किल्लीची पेटी असते.

मोरचूद

सगळं वाचलं. मला एक सुचवायचं आहे. पहिले दोन दिवस सर्क्युलर कीला दृश्याची खोली, मग उरलेले दिवस स्वस्त जागी. दोन्ही हौशी भागतील.

जाईजुई

पाचजणांच्या बॅगा भरा, खोली सोडा, तीन वाजेपर्यंत रस्त्यावर बसा, परत बॅगा उघडा. सुट्टीचा एक आख्खा दिवस जातो. दोघं असतात तेव्हा ठीक.

पायवाट

मोरचूद यांची कल्पना वाईट नाही, पण पाचजणांसाठी जाईजुईंचं पटतं. त्यापेक्षा एका संध्याकाळी गाडीने मिल्सन्स पॉइंटला जा. पूल गाडीतूनच ओलांडला जातो. उतरून खाली पाण्याकाठी या. लूना पार्क, वर पुलाची कमान आणि समोर सगळं शहर. परतताना तिथल्याच धक्क्यावरून फेरी. ज्यांना पुलावरून चालायचं आहे त्यांच्यासाठी पूर्वेकडची पायवाट मोफत आहे आणि दोन्ही टोकांना लिफ्ट बसवली आहे, म्हणजे साबांनाही जमेल.

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जेवणाच्या टेबलावर हा धागा मोठ्याने वाचला. साबुंनी दर्यावर्दींचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

साबांना बोट लागते हे आज पहिल्यांदा कळलं. मांडव्याला जातानाही त्यांना त्रास झाला होता म्हणे. म्हणजे मॅन्ली एक दिवसाची सहल, तीही बसने. पॅरामॅटा दुपारच्या झोपेमुळे मागे पडलं. विग्रम स्ट्रीटला एक संध्याकाळ मात्र नक्की.

आता डार्लिंग हार्बर की शेजारचं पिरमॉन्ट यावर गाडी अडलीय. दोन्हीकडे दोन बेडरूमची अपार्टमेंट दिसताहेत, दर सारखेच. बंदर खिडकीतून दिसणार नाही याचं वाईट वाटतंय, पण फलाटावरच्या दृश्यावर लेक खूश आहे. पिरमॉन्टहून साबांना फेरी सोसेल का?

दर्यावर्दी

सोसेल. पिरमॉन्ट बे ते सर्क्युलर की हा सगळा प्रवास बंदराच्या आतल्या भागातला आहे, तिथे महासागराच्या लाटा पोचत नाहीत. वीसेक मिनिटं लागतात. बारांगारू, मॅक्‌मेहन्स पॉइंट, मिल्सन्स पॉइंट करत बोट बरोबर हार्बर ब्रिजच्या खालून जाते आणि पूल मागे पडला की ऑपेरा हाऊस समोर उघडतं. साबांना बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर, पुढे तोंड करून बसवा.

धक्क्याच्या शेजारीच सागरी संग्रहालय आहे. तिथे व्हॅम्पायर ही विनाशिका आणि ऑन्स्लो ही पाणबुडी आतून बघता येते. लेकीला घेऊन जा. पाणबुडीत शिड्या आणि अरुंद दारं आहेत, त्यामुळे साबांना बाहेर धक्क्यावर बसू दे.

निळाई

पिरमॉन्ट घ्या, पण पत्ता नीट बघून. संग्रहालयाच्या आणि धक्क्याच्या बाजूचा भाग सपाट आहे, ट्रामचा थांबाही तिथेच, ती थेट सेंट्रलला नेते. ब्लू माउंटन्सची गाडी तिथूनच. हॅरिस स्ट्रीटच्या बाजूला गेलात की चढ सुरू होतो. दोन-तीन पत्ते निवडलेत की इथे रस्त्याचं नाव आणि जवळचा चौक लिहा, इमारतीचा नंबर नको. पुढच्या रविवारी मी त्या बाजूला जाणार आहे, चढ किती आहे ते चालून बघते आणि सांगते.

सोनटक्का

निळाई, किती गोड! आज रात्री लिहिते.

वरणभात

विग्रम स्ट्रीटला मंगळवार-बुधवारी या, शनिवारी बसायला जागा मिळत नाही.